ज्वालामुखीवर गाइडसोबत चढाई: नाव देण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्वालामुखीच्या मोहिमेची चौकशी करणारे बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात: समिट (शिखर गाठणं) नक्की होईल ना, आणि लाव्हा दिसेल ना. दोन्हींची उत्तरं खाली आहेत, पण विचारायला हवं असं बाकीही बरंच आहे. काही प्रश्नांना एका ओळीचं उत्तर पुरतं, काहींना नाही.

ज्वालामुखी चढायचा म्हणजे उकळता लाव्हा बघायला मिळणार का?

बहुतेक वेळा नाही. मोठ्या मोहिमा ज्या उंच ज्वालामुखींवर जातात, ते वर गेल्यावर साधे बर्फाचे नाहीतर मुरमाचे डोंगर वाटतात. किलिमांजारो (५८९५ मीटर) फार पूर्वीपासून शांत आहे. विवरात अजून गंधकाच्या वाफा येतात, तेवढंच. रशियातला एल्ब्रुस (५६४२ मीटर), मेक्सिकोतला पिको दे ओरिसाबा (५६३६ मीटर), चिली-अर्जेंटिनाच्या सीमेवरचा जगातला सर्वांत उंच ज्वालामुखी ओहोस देल सालादो (६८९३ मीटर), सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. तिथे कस लागतो तो थंडीत आणि विरळ हवेत.

धगधगतं काही बघायचंच असेल, तर माझ्या मते ग्वाटेमालातलं अकातेनांगो (३९७६ मीटर) सगळ्यात शहाणपणाचं. चढायचा डोंगर वेगळा, स्फोट होणारा वेगळा. अकातेनांगोच्या अंगावर मुक्काम करायचा आणि समोरच्या फ्युएगोचे लालभडक फवारे लांबूनच बघायचे. काही गाइड ‘थोडे जास्त पैसे द्या, फ्युएगोच्या कड्याजवळ नेतो’ म्हणतात. नको म्हणा.

इटलीतल्या स्ट्रॉम्बोलीच्या शिखरावर पूर्वी रोज संध्याकाळी गाइडसोबत गट जायचे. २०१९ च्या मोठ्या स्फोटांनंतर शिखर बंद झालं, आता खालच्या टप्प्यापर्यंतच नेतात. मेक्सिकोतला पोपोकातेपेत्ल तर १९९४ च्या अखेरीस जागा झाला, तेव्हापासून चढाईला बंद आहे. तुमच्या यादीतला डोंगर आज खुला आहे का, हे आधी बघा. जुन्या फोटोंवर जाऊ नका.

मला काहीच अनुभव नाही. येऊ का?

कुठल्या डोंगरावर, त्यावर आहे. किलिमांजारोला दोर लागत नाही, बर्फावरचं तंत्र लागत नाही. पाय, धीर आणि पुरेसे दिवस लागतात. इक्वेडोरच्या कोटोपाक्सीवर (५८९७ मीटर) मात्र क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे, बुटाखाली बांधायचे दाते), आइस अ‍ॅक्स आणि दोर आलाच. दोन्हींच्या उंचीत जेमतेम दोन मीटरचा फरक, पण चढाईची जात अगदी वेगळी. उंचीचा आकडा बघून डोंगर सोपा की अवघड हे ठरवू नका.

तयारी किती आणि कशी करू?

तीन-चार महिने हातात ठेवा. पळण्यापेक्षा पाठीवर वजन घेऊन जिने किंवा चढ चढणं जास्त कामी येतं, आणि चढण्याइतकाच उतरण्याचा सराव करा. सपाटीवर दहा किलोमीटर पळणारे घसाऱ्यावर हबकतात, कारण तिथे पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत रुततं आणि अर्धं मागे सरकतं. तासभर चढून वर बघावं तर कडा तिथेच. हे शरीरापेक्षा डोक्याला जड जातं.

मला रस्ता मोबाइलवर दिसतो. मग गाइड कशाला?

काही ठिकाणी पर्यायच नाही. किलिमांजारोवर परवानाधारक गाइडशिवाय सोडत नाहीत, इक्वेडोरच्या हिमनद्या असलेल्या ज्वालामुखींवरही मान्यताप्राप्त गाइड सक्तीचा आहे.

सक्ती नसली तरी घ्या. वाट दाखवणं हे त्याच्या कामातलं सगळ्यात सोपं काम. वाऱ्याची दिशा बदलली की वायू कुठे येणार, कालची हिमभेग (हिमनदीतली फट) आज रुंदावली आहे का, तुमचं बोलणं अडखळतंय ते थंडीने की विरळ हवेमुळे मेंदूला सूज आल्याने, हे तो बघत असतो. आणि तुम्ही ‘अजून थोडंसंच राहिलंय’ म्हणत असताना तो ‘चला खाली’ म्हणतो. पैसे खरं तर त्यासाठी मोजायचे. जो गाइड कधीच कोणाला परत फिरवत नाही, त्याची ख्याती ऐकून मला तरी काळजी वाटते.

दोराला माझ्यासोबत अनोळखी माणूस असेल का? तो दमला तर?

असू शकतो. हिमनदीवर साधारण एका गाइडमागे दोघे असतात आणि तिघे एकाच दोराला. त्यातला एक थांबला तर गाइड त्याला एकट्याला खाली पाठवू शकत नाही आणि तुम्हाला एकट्याला वर सोडू शकत नाही. म्हणजे तिघेही परत. यावरून मध्यरात्री बर्फात भांडणं झालेली आहेत. ज्यांना हे सोसणार नाही त्यांनी स्वतंत्र गाइड घ्यावा. महाग पडतो, पण भांडण टळतं. नाहीतर वेग जुळणारा जोडीदार आधीच शोधा आणि सरावाच्या छोट्या डोंगरांवर त्याच्यासोबत चाला. जोड्या कशा लावणार आणि जास्तीचा गाइड सोबत आहे का, हे आयोजकाला विचारायला संकोचू नका.

आम्ही वर असताना उद्रेक झाला तर?

हा प्रश्न हसत हसत विचारला जातो, पण उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

खालून शिलारस वर सरकत असेल तर डोंगर सहसा आधी कुरबुर करतो: छोटे भूकंप वाढतात, जमीन फुगते, वायूंचं प्रमाण बदलतं. वेधशाळा ते टिपतात आणि धोक्याची पातळी वाढवतात. दुसरा प्रकार जास्त दगाबाज. जमिनीतलं पाणी तापून त्याची एकदम वाफ होते आणि डोंगराचा तुकडा उडतो. याची पूर्वसूचना फार कमी मिळते, कधी मिळतच नाही.

जपानचं ओन्ताके असंच फुटलं. २७ सप्टेंबर २०१४, शनिवार, दुपारी बारा वाजायला काही मिनिटं कमी. पानगळीच्या रंगांचा हंगाम, त्यामुळे शिखरावर गर्दी. धोक्याची पातळी होती १, म्हणजे पाचांतली सर्वांत खालची. ५८ जण गेले, ५ जण सापडलेच नाहीत. जवळच्या निवाऱ्यांत शिरलेले बरेच जण वाचले.

सुमात्रातल्या मारापीची गोष्ट उलटी. ३ डिसेंबर २०२३ ला तो फुटला तेव्हा पातळी चारांतली २ होती आणि विवरापासून ३ किलोमीटर लांब राहा अशी सूचना आधीपासूनच होती. तरी गिर्यारोहक वर होते. २४ जणांचा जीव गेला. ओन्ताकेवर आकड्याने काहीच सांगितलं नव्हतं. मारापीवर सांगितलं होतं, पण ऐकलं कोणी नाही.

म्हणून आयोजकाला तीन गोष्टी विचारा. आज पातळी कितीची आहे आणि ती एकूण किती पातळ्यांतली (जपानमध्ये १ ते ५, इंडोनेशियात १ ते ४, फिलिपिन्समध्ये ० ते ५, त्यामुळे नुसता ‘२’ काही सांगत नाही). प्रवेशबंदी किती अंतरापर्यंत आहे आणि आपली वाट त्यात शिरते का. आणि पातळी वाढली तर मोहीम रद्द करायचा निर्णय कोणाचा. ‘अहो, दोनला सगळेच जातात’ असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या.

वर गेल्यावर हेल्मेट डोक्यावर ठेवा, सॅकला लटकवू नका. विवराच्या कडेवर फोटो काढून निघा, डबा खायला बसू नका. काही झालंच तर पक्क्या निवाऱ्यात किंवा मोठ्या खडकाच्या आड जायचं, सॅक डोक्यावर धरायची, आणि घळीत किंवा ओढ्याच्या पात्रात उतरायचं नाही. तापलेल्या राखेचे आणि चिखलाचे लोट उताराच्या घळीच धरतात.

विषारी वायूंचं काय? मास्क पुरेल?

धुळीचा मास्क राख अडवतो, वायू अडवत नाही. वायूसाठी योग्य फिल्टरचा मास्क लागतो. जावा बेटावरच्या इजेनच्या विवरात उतरताना गाइड देतात तो तसा. घेताना घट्ट बसतो का आणि फिल्टर कधी बदललाय ते बघा.

सल्फर डायऑक्साइड घशाला झोंबतो, त्यामुळे माणूस आपणच मागे सरतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण त्याचं प्रमाण फार वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणून निर्धास्त होऊ नका. चांदीची अंगठी घालून गेलात तर काळी पडून येईल. दागिने खालीच ठेवा. सगळ्यात लबाड कार्बन डायऑक्साइड. त्याला ना रंग ना वास, हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो. वाफा येतात तिथल्या खड्ड्यात बुटाची लेस बांधायलाही वाकायचं नाही, तंबू तर लांबच. कॅलिफोर्नियातल्या मॅमथ माउंटनवर २००६ मध्ये बर्फ खचून दोन गस्ती कर्मचारी अशाच एका पोकळीत पडले. त्यांना काढायला उतरलेला तिसराही गेला. कोणी खाली कोसळलेलं दिसलं तर मागोमाग उडी न मारता गाइडला हाक मारा.

मला दमा आहे.

वायू सोडणारा ज्वालामुखी टाळा; सल्फर डायऑक्साइड दम्याच्या रुग्णांना अगदी थोड्या प्रमाणातही त्रास देतो. शांत डोंगरांचं डॉक्टरांना विचारून ठरवा. इन्हेलर अंगावरच्या खिशात ठेवा, पोर्टरकडच्या बॅगेत नको.

विरळ हवेचा त्रास मला होईल का?

आधी सांगता येत नाही. तरुण, धडधाकट, रोज व्यायाम करणाऱ्यांनाही होतो. उलट असे लोक भरभर चढतात म्हणून जास्त सापडतात. ५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. शरीर त्याला सरावतं, पण त्याच्या गतीने.

सर्वमान्य नियम असा: ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम करायचा. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपायला उतरलं तर आणखी चांगलं. किलिमांजारोच्या माचामे वाटेवर हेच करतात. दुपारी सुमारे ४६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवरला जेवायचं आणि रात्री बरान्को कॅम्पला, चार हजारांच्याही खाली, झोपायचं. इक्वेडोरमध्ये पायऱ्या बांधल्यासारखे डोंगरच आहेत: रुकू पिचिंचा (४६९६ मीटर), मग इलिनिझा नोर्ते (५१२६ मीटर), मग कोटोपाक्सी.

किलिमांजारोच्या पाच दिवसांच्या मोहिमा स्वस्त असतात, कारण त्यात हेच दिवस कापलेले असतात. सात-आठ दिवसांची घ्या. काटकसर करायची तर दुसरीकडे करा.

डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही सुरुवात. ती लपवू नका. गटात ‘मी ठीक आहे’ म्हणणारेच गाइडच्या डोक्याला ताप असतात. त्रास असेल तर आणखी वर झोपायला जायचं नाही. चालताना झोक जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं, बसल्या जागी धाप लागली किंवा खोकल्यातून गुलाबी फेस आला, तर तो मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आल्याचा इशारा आहे. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजलेले असोत, खाली उतरवायचं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर फार विसंबू नका, गार पडलेल्या बोटावर तो काहीही दाखवतो.

डायमॉक्स (विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी) घेऊ का?

डॉक्टरांना विचारून. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. लघवीला सारखं जावं लागतं, बोटांना मुंग्या येतात, सोड्याची फसफसणारी पेयं बेचव लागतात; हे माहीत असलं की घाबरायला होत नाही. आणि गोळी घेतली म्हणून दिवस कमी करता येत नाहीत.

मध्यरात्री का निघायचं? उजाडल्यावर का नाही?

रात्री बर्फ घट्ट असतो, क्रॅम्पॉन नीट धरतात. ऊन चढलं की तो मऊ होतो, हिमभेगांवरचे बर्फाचे पूल कमकुवत होतात आणि वर गोठून चिकटलेले दगड सुटायला लागतात. कोटोपाक्सीवर ४८६४ मीटरच्या होसे रिबास निवाऱ्यातून साधारण बाराच्या सुमारास निघतात, उजाडताना माथ्यावर असतात आणि ऊन तापायच्या आत खाली. किती वाजता कुठेही असलो तरी परत फिरायचं, ती वेळ आदल्या संध्याकाळीच ठरते. ती पहाटे बदलून मागू नका.

निवाऱ्यात झोप लागत नाही. डोळे मिटून पडून राहिलं तरी चालतं.

कपडे आणि सामान काय आणू?

यादी आयोजक देईलच. त्यात बहुधा न लिहिलेलं सांगतो.

ज्वालामुखीची राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. ते दगडाचे आणि काचेचे बारीक कण असतात. चेन अडकते, कॅमेऱ्याची लेन्स ओरखडते, आणि कॉन्टॅक्ट लेन्सखाली एक कण गेला तर डोळा उघडवत नाही. चष्मा वापरा, वरून बंद गॉगल. बुटात मुरूम जाऊ नये म्हणून गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायची आवरणं) हवेतच. बूट नवे कोरे नकोत, पायाला सरावलेले हवेत. हेडटॉर्चचे जादा सेल आणि मोबाइल अंगाजवळच्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. पाण्याच्या पिशवीची नळी गोठते. घोट घेतल्यावर फुंकर मारून पाणी परत पिशवीत ढकला, किंवा सरळ बाटली उलटी ठेवा, म्हणजे बर्फ आधी बुडाकडे धरतो आणि झाकण मोकळं राहतं.

गरम कपड्यांना ‘उष्ण कटिबंधातच तर जातोय’ म्हणून फाटा देऊ नका. अकातेनांगोवर जानेवारी २०१७ मध्ये सहा जण गेले ते थंडीने गारठून. लाव्हाने नाही.

वर पाणी मिळेल का?

बहुतेक ज्वालामुखींवर वाटेत झरे नसतात. खडक सच्छिद्र, पाऊस सरळ आत मुरतो. अकातेनांगोला मुक्कामाचं सगळं पाणी खालूनच वाहून न्यावं लागतं, साधारण माणशी चार लिटर. हे चार किलो सॅकच्या वजनात धरा. बरेच जण विसरतात.

संडासची सोय?

कॅम्पवर कुठे तंबू, कुठे साधी खोली. वाटेत आडोसा नाही, राखेच्या उतारावर झुडूपसुद्धा नसतं. गाइडला सांगा, तो बाकीच्यांना पुढे चालवतो. वापरलेले कागद आणि पॅड पिशवीत घालून खाली आणायचे. पाळीची तारीख उंचीमुळे पुढेमागे होऊ शकते, तेव्हा सामान जवळ ठेवाच.

मी एकटी येणार आहे. तंबू कोणासोबत?

नाव देतानाच सांगा आणि उत्तर लेखी घ्या.

समिट झालं नाही तर पैसे परत मिळतात का?

नाही, आणि मिळू नयेतही. शिखरावर पैसे अवलंबून असले की गाइड तुम्हाला वाईट हवेतही ओढून नेईल. ‘समिटची हमी’ अशी जाहिरात दिसली की तिथून निघा.

डोंगरच बंद झाला तर मात्र वेगळं. कोटोपाक्सी २०१५ च्या उद्रेकानंतर दोन वर्षं बंद होता आणि २०२२ मध्ये पुन्हा धुमसायला लागला. अशा वेळी चांगले आयोजक कायाम्बे (५७९०) किंवा चिंबोरासो (६२६३) यांच्याकडे वळतात. पर्यायी डोंगर कोणता, फरकाचे पैसे कोण देणार, हवेसाठी राखीव दिवस आहे का, हे करारात वाचा. राखीव दिवस नसलेली मोहीम म्हणजे एका रात्रीवर लावलेला जुगार.

विमा कोणता घेऊ?

साध्या प्रवास विम्यात ठराविक उंचीच्या वरची चढाई धरत नाहीत, आणि दोर किंवा आइस अ‍ॅक्स वापरला तर कधी कधी काहीच धरत नाहीत. आपल्या शिखराची उंची, तांत्रिक चढाई आणि सुटकेचा खर्च हे तीन शब्दशः लिहिलेले हवेत. विमा लवकर घ्या. ज्वालामुखी धुमसू लागल्याची बातमी आल्यावर घेतलेला विमा त्या कारणाने रद्द झालेल्या मोहिमेचे पैसे सहसा देत नाही.

पोर्टर असताना मी सॅक उचलायची का?

दिवसभराची आपली सॅक आपणच. किलिमांजारोवर पोर्टरने २० किलोपेक्षा जास्त उचलू नये असा नियम आहे आणि प्रवेशद्वाराशी वजन करतात. तुमच्या बॅगेला जी मर्यादा सांगतील ती याचसाठी. पोर्टरला रोज किती मिळतात, कुठे झोपतो, पायात काय घालतो, हे विचारा. फार स्वस्त मोहिमेतली बचत बहुधा त्याच्याच खिशातून झालेली असते.

आयोजक पारखायचा कसा?

फोटोंवरून नाही. गेल्या हंगामात किती गट अर्ध्यावरून परत आणले आणि का, हे विचारा. मोकळेपणाने सांगणारा चांगला. हिमनदीची चढाई असेल तर गाइडकडे आयएफएमजीए (पर्वत-गाइड संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) किंवा त्या देशाच्या गाइड संघटनेचं प्रमाणपत्र आहे का, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कधी झालं, सोबत ऑक्सिजन आणि संपर्काचं साधन काय, जखमीला खाली कसं आणणार. यातल्या कशालाही ‘त्याची वेळच येत नाही’ हे उत्तर नव्हे.

उतरताना काही वेगळं लक्षात ठेवायचं?

अपघात उतरतानाच जास्त होतात, कारण माणूस दमलेला आणि निवांत झालेला असतो. बर्फावर क्रॅम्पॉनचा दात पँटच्या पायात अडकून कोसळणारे दरवर्षी दिसतात. पाय किंचित फाकवून चाला. राखेचा घसारा उतरायला मजेचा: टाच रोवायची, अंग मागे न टाकता झोकून द्यायचं, एका ढांगेत तीन पावलांचं अंतर. मात्र एकामागोमाग एकाच रेषेत उतरू नका, वरच्याने सोडलेला दगड खालच्याला लागतो. दगड सुटला की जोरात ओरडायचं, सुटला कोणाकडून हे नंतर बघू. आणि मोहिमेला निघायच्या दोन-तीन दिवस आधी पायाची नखं कापून घ्या, नाहीतर त्या उतारावर बुटाच्या टोकाला आपटून अंगठे काळेनिळे होतात.